सक्शनच्या जारचं झाकण

हिंगण्याच्या ज्या कंपनीत मी जाते तिथे खोदकामाच्या यंत्रांना लागणारे जाड रबरी पाइप आणि त्यांची फिटिंग्ज बनतात. ती गळतात का, हे बघायचं काम माझं. पाइपची दोन्ही तोंडं बंद करायची, आत तेलाचा दाब चढवायचा आणि डोळे फाडून बघत राहायचं. कुठे कच्चं असेल तर तेल बाहेर येतंच. हवेने तपासायचं असेल तर सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की माल बाजूला. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकलेला: गळतीच्या जागी हात न्यायचा नाही. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. हे करून करून माझी नजर अशी झाली आहे की रस्त्याच्या कडेला टँकर उभा दिसला तरी मी आधी त्याच्या खाली ओलं आहे का ते बघते. आई म्हणते, "लोकायच्या पोरी दुकानात साड्या पाहतात, आमची नळाचे नट पाहते."

घर आमचं वाडीला. बाबांनी सगळी उमर तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल बुक करण्यात घालवली. ट्रकांच्या घरघरीवरून आवाज चढवायचा आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवायचा, ही दोन कामं त्यांनी कधी चुकवली नाहीत. घशाची गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच त्यांनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. ऑपरेशन झालं, गाठ गेली. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून एक नळी बसवली, ती राहिली. नळीच्या तोंडावर बोट दाबलं तर त्यांना दोन-चार शब्द बोलता येतात, घोगरे, खरखरीत. ज्या माणसाचा आवाज अमरावती रोडवरून घरात ऐकू यायचा, त्याचा आवाज आता पलंगाजवळ वाकल्याशिवाय कळत नाही. मला अजून त्याची सवय झालेली नाही आणि व्हावी असं वाटतही नाही.

नळी म्हटली की कफ आला. आपण खोकतो आणि मोकळे होतो. नळीवाल्या माणसाला ते पुरतं जमत नाही. कफ नळीत अडकतो, सुकतो आणि श्वासाची वाट बंद करतो. म्हणून दवाखान्याने घरी सक्शन मशीन घ्यायला लावलं. एक छोटी मोटर, तिच्यावर काट्याची तबकडी, बाजूला प्लास्टिकचा जार. जारच्या झाकणाला दोन नळ्या, एक मोटरकडे जाणारी आणि दुसरी बाबांकडे. मोटर जारमधली हवा काढून टाकते, मग दुसऱ्या नळीतून कफ येऊन जारमध्ये पडतो. मी कामावर गेले की हे सगळं आईच्या हातात. तिने ते दवाखान्यातल्या सिस्टरकडून शिकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिचा हात माझ्यापेक्षा हलका. माझ्या वेळेला बाबा कपाळाला आठ्या घालतात, तिच्या वेळेला डोळे मिटून पडून राहतात.

पहिल्या दिवसांत मी तिला शहाणपण शिकवायला गेले होते. म्हटलं, "आई, हे मशीन कफ ओढत नाई. ते फक्त जार रिकामा करते. बाहेरची हवा कफाले आत ढकलते."

"मंग मशीनचं काय काम? हवा तं फुकटात हाय."

"अवं, आत जागा झाल्याशिवाय ढकलंल कशी? गरम भाजी डब्यात भरून झाकण लावलं, अन् डबा थंड झाला की झाकण निघत नाई, का नाई? कोणी धरून ठेवते का त्याले आतून?"

"मी तं समजत होती, झाकण माह्यावर रुसून बसते," ती म्हणाली, आणि बाबांचे खांदे हलले. ते आता असेच हसतात, बिनआवाजाचे.

आईचा देव म्हणजे स्वच्छता. मशीनचा जार, झाकण, रबराची रिंग, सगळं ती रोज घासायची, गरम पाण्यातून काढायची. ते योग्यच होतं. पण मे महिन्यात तिचं सगळं घर गच्चीवर असतं. कुरडया, सरगुंडे, तिखट, गाद्या, उशा. ऊन लागलं की सगळं शुद्ध होतं यावर तिचा जितका विश्वास आहे तितका माझा माझ्या मोजपट्टीवरही नाही. पाहुण्यांना उन्हात ठेवायची सोय असती तर तेही ठेवले असते.

त्या रविवारी मी घरी होते. दुपारचं ऊन असं की खिडकीच्या लोखंडाला हात लागला तर चटका बसावा. कूलर जोरात सुरू होता. आई परातीत कणीक मळत होती. त्याच्या थोडं आधी तिने गच्चीवरून जार आणि झाकण खाली आणून, जोडून, मशीन जागेवर ठेवलं होतं. बाबा पलंगावर बसून होते. अचानक त्यांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला.

त्यांच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी धावले. आधी करायचं ते केलं, नळीच्या आतली छोटी नळी काढून पाहिली. ती मोकळी होती. म्हणजे कफाचा गोळा तिच्या खाली, आत खोल बसलेला. मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले, मशीन सुरू केलं, सक्शनची बारीक नळी आत सोडली. काहीच नाही. मोटर घुरघुरत होती, आणि नळीच्या टोकाला ओढ म्हणून नव्हती. तबकडीवरचा काटा जागचा जरासा हलला आणि तिथेच लटकला.

"आई, हे चालून नाई राहिलं!"

आई कणकेच्या हाताने आली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. बाबांनी मान मागे टाकली होती आणि गळ्याच्या खालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. मी शेजारच्या काकांना हाक मारली. गल्लीतल्या कोणाचाही कूलर बंद पडला की तेच बघतात. ते पायात चप्पल न घालता त्या उन्हातून आले.

"व्होल्टेज गेलं असंल बेटा. माह्या कूलरचा पंप बी सकाळपासून मरून राहिला," ते म्हणाले, आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावू लागले. वाडीचा रस्ता, ट्रकांच्या रांगा. अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळात येते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मोटरला जाणारी नळी मी झाकणातून उपटली आणि तिच्या तोंडावर अंगठा दाबला. काटा सरसर वर गेला. म्हणजे मोटर ठीक, व्होल्टेजही ठीक. नळी परत लावली आणि बाबांकडच्या नळीचं टोक अंगठ्याने बंद केलं. काटा खालीच. कुठेही तुंबलेलं असतं तर काटा वर गेला असता. तो खाली होता, म्हणजे मधे कुठेतरी गळत होतं. गळती म्हटल्यावर मला वाटलं, आता हे माझं काम.

मी भांडी घासायच्या साबणाचा फेस केला आणि प्रत्येक जोडावर लावला. एक, दुसरा, झाकणाभोवती, मोटरच्या वाटेवरच्या फिल्टरपाशी. बुडबुडा शोधत राहिले. एकही बुडबुडा नाही. मी ओरडले, "जोड सगळे बरोबर हायत!" आणि त्याच क्षणी मला माझ्या डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. बुडबुडा येईल कुठून? आयुष्यभर मी आतून बाहेर येणारी गळती शोधत आले. इथे आतून बाहेर काही येतच नव्हतं. बाहेरची हवा आत घुसत होती, आणि आत घुसणारी हवा ना थेंब देते ना डाग. ती दिसतच नाही.

बाबांचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. त्यांनी आईचं मनगट धरलं होतं, कणकेसकट.

"काका, कूलर बंद करा!"

"या उन्हात?"

"बंद करा म्हणते ना!"

मे महिन्यातल्या दुपारी कूलर बंद झाल्यावर घरात जी शांतता पडते ती मला तोवर ठाऊक नव्हती. मोटरची घुरघुर राहिली, बाबांची शिट्टी राहिली, आणि त्या दोन्हींच्या मधून एक बारीक सूं ऐकू आला. मी कान जवळ नेला. झाकणाच्या एका बाजूला लावलेला फेस नाहीसा झाला होता, आत गिळला गेला होता. तिथे मी तळहात दाबला. काटा चढला. हात उचलला, काटा पडला. कंपनीत गळतीवर हात ठेवला असता तर मला घरी पाठवलं असतं.

"आई, इथं दाब. दोन्ही हातानं. पूर्ण जोर लाव, अन् काही झालं तरी सोडू नको."

आईने जार जमिनीवर घेतला, गुडघे टेकले आणि अंगाचा सगळा भार झाकणावर टाकला. मी पुन्हा पाण्याचे थेंब सोडले, बारीक नळी आत घातली. यावेळी ओढ लागली. पण गोळा हलेना. नळी बाहेर काढली, बाबांना एक श्वास घेऊ दिला, म्हणजे जेवढा येत होता तेवढा, आणि पुन्हा घातली. आईच्या दंडाची कातडी थरथरत होती. तिचा हात जरा सैल झाला की काटा पडे आणि मी खेकसे, "आई!" आणि ती पुन्हा दाबे. काका बाबांची पाठ धरून बसले होते. मी मनातल्या मनात बाबांना सांगत होते की असं जायचं नाही, माझ्या हातात नळी असताना जायचं नाही.

मग नळीत काहीतरी जड लागलं, अडलं, आणि सुटलं. डिंकाच्या खड्यासारखा तपकिरी कफाचा गोळा जारमध्ये येऊन पडला. बाबांच्या छातीत हवा शिरली तो आवाज मी विसरणार नाही. ते खोकले, पुन्हा खोकले, आणि त्यांच्या ओठांवर हळूहळू माणसाचा रंग आला. मी जमिनीवर बसले आणि रडले. आई अजून झाकणावर तशीच वाकलेली होती. तिला सोड म्हणून सांगायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. तिच्यातल्या माणसाने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला, छाती ऐकली, ठीक आहे म्हणाला आणि गेला. मी झाकण काढून टाइल्सवर उलटं ठेवलं. ते डुगडुगलं. एका बाजूने नखभर वर उचललं गेलं होतं.

"आई, हे कुठं वाळत घातलं होतं?"

"गच्चीतल्या पत्र्यावर. वाऱ्यानं उडू नये म्हणून वरवंटा ठेवला होता वरतून."

तापलेला पत्रा, वर वरवंटा, मधे प्लास्टिकचं झाकण, ते वाकणारच. माझा तोल गेला. "तुह्या उन्हानं जीव घेतला असता आज बाबांचा!" मी म्हणाले. काका उठून दाराकडे गेले. बाबांनी हात उचलून मला थांब अशी खूण केली, पण तोवर मी बोलून बसले होते. मी बोलले ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. तिला कळायलाच हवं होतं, नाहीतर उद्या तिने पुन्हा तेच केलं असतं. पण तिच्या तोंडावरचा रंग असा उतरला की मला वाटलं, एवढं दमाने सांगता आलं असतं.

परातीतली कणीक तशीच होती. त्यातली मूठभर घेऊन मी दोरीसारखी लांब वळली आणि झाकणाच्या कडेभोवती लावून मशीन सुरू केलं. बाहेरच्या हवेने ती कणीक स्वतःच फटीत दाबून बसवली. दाबाच्या पाइपवर असली लिंपालिंपी एक क्षण टिकली नसती, आतल्या जोराने उडवून लावली असती. इथे जोर बाहेरून होता, त्यामुळे कणीकसुद्धा चालून गेली. सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं. मशीन जिथून घेतलं ते दुकान रविवारी बंद. सोमवारपर्यंत याच्यावर भागवायचं होतं.

संध्याकाळपासून बाबांचं सगळं मीच केलं. आई मशीनजवळ फिरकली नाही. पाणी आणून दिलं, कणीक मळून दिली, फडकं भिजवून दिलं, पण सगळं दारातून. मी एकदा म्हटलं, "घे, तू कर," तर म्हणाली, "माह्या हाताले नको आता ते." आणि हात पदराखाली घेतले. बाबा हे सगळं बघत होते.

सोमवारी सकाळी मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, झाकणं तीन-चार मापांची येतात, जार घेऊन या. जार कसा नेणार? त्याच्यावरच तर बाबांचा श्वास चालला होता. मी कंपनीच्या पिशवीतलं व्हर्निअर काढून जारच्या तोंडाचं माप घेतलं. दुकान शहरात, दवाखान्याजवळ. जाऊन यायला दुपार होणार होती, आणि तेवढा वेळ घरी आई एकटी. कणकेने लिंपलेलं मशीन, आणि ते हातात घ्यायला तयार नसलेली आई. काकांना बसवता आलं असतं, पण काकांना कूलर कळतो, गळ्यातली नळी नाही. मी हेल्मेट हातात घेऊन अर्धा तास नुसती घरभर फिरत होते. गेले तर बाबांचं काय, आणि नाही गेले तर ती कणीक किती वेळ टिकणार?

तेवढ्यात बाबांच्या गळ्यात घरघर सुरू झाली. मी हेल्मेट ठेवलं, हात धुतले, मशीन सुरू केलं, नळी घेऊन वाकले. बाबांनी माझा हात बाजूला सारला.

मला वाटलं, चुकून लागला. मी पुन्हा वाकले. त्यांनी पुन्हा सारला, आता जोराने, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. आई तिथे उभी होती.

"बाबा, करू द्या मले. नाटकं करू नका."

त्यांनी मान हलवली. नाही. घरघर वाढत होती. ते माझ्याकडे बघतच नव्हते, आईकडे बघत होते. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. काल जो माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेला असता, तो आज हट्टाला पेटून स्वतःचा श्वास कोंडून बसला होता. आई दारातून म्हणाली, "अहो, करू द्या नं तिले." त्यांनी पुन्हा मान हलवली आणि पलंगाच्या कडेवर तळहात ठेवला, तिला बसायला दाखवतात तसा.

छातीतून आता तोच शिट्टीचा सूर यायला लागला. मी आईकडे वळले आणि ओरडणार होते, पण ओरडले नाही. नळी तिच्यापुढे धरली, एवढंच.

आई आली. पलंगावर बसली. नळीचं टोक दोनदा गळ्याच्या बाजूला लागलं. बाबा नेहमी तिच्या वेळेला डोळे मिटतात, त्या दिवशी मिटले नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा नळी आत गेली. तिने ती जशी हलकेच फिरवत बाहेर घ्यायची असते तशी घेतली, आणि जारमध्ये कफ पडल्याचा आवाज आला. तिने बाबांना श्वास घेऊ दिला आणि कोणी न सांगता दुसऱ्यांदा घातली. शिट्टी थांबली.

बाबांनी नळीवर बोट ठेवलं. माझ्याशी बोलतील असं वाटलं, पण ते तिच्याशीच बोलले.

"हलका हाय," ते म्हणाले. "तुहा हात."

आईने डोळे पुसले नाहीत, कारण हातात नळी होती. ती तशीच माझ्याकडे वळली.

"जाय नं वं आता, उभी काहून राहिली? झाकण घेऊन ये. मी आहो इथं."

मी हेल्मेट उचललं आणि गेले.